आगीला लहान करता येत नाही

मूर्तिजापूर-अचलपूर ही अडीच फुटी रुळांची गाडी आमच्या वऱ्हाडातील वाचकांना सांगायला नको. १९९४ च्या एप्रिलमध्ये तिचे वाफेचे इंजिन काढून डिझेल इंजिन लावण्यात आले. त्यापूर्वी शाळकरी वयात आम्ही त्या गाडीने मामाच्या गावी जात असू. खिडकीतून डोके काढले की डोळ्यात कोळशाची कणी जाई आणि मग आई पदराचा बोळा तोंडाच्या वाफेने गरम करून डोळा शेकत बसे. त्याच गाडीवर फायरमन असलेले एक काका मामाच्या शेजारी राहात. संध्याकाळी ते ओट्यावर बसले की आम्ही पोरे त्यांच्याभोवती गोळा होत असू. इंजिनाबद्दल विचारले की ते तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलत. मांडीवर चार थापा मारून दाखवत. चाक एकदा फिरले की धुराड्यातून चार हुंकार निघतात. चारही सारखे निघाले तर इंजिन धडधाकट, एक जरी लंगडा निघाला तर वाफेचे दार चुकीच्या वेळी उघडते आहे, हे अंधारातही कळते. कोळशाबद्दल त्यांचे एक वाक्य ठरलेले होते. "कोयसा पातय पसरवा लागते बापू. ढीग घातला का आग मरते."

आम्ही ते ऐकले आणि सोडून दिले. पुढे वाणिज्य शाखेची पदवी घेतली, कारकून झालो. दुसऱ्यांच्या नोंदी ठेवण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. काकांचे चार शब्द मात्र आम्ही कुठल्याही वहीत टिपून ठेवले नाहीत. काका गेले त्याला आता बरीच वर्षे झाली.

हे सारे आठवायला निमित्त झाले रद्दीच्या दुकानाचे. शाळेच्या मुलांसाठी जुनी पुस्तके शोधताना 'मॉडेल इंजिनियर' या इंग्रजी नियतकालिकाचा एक जाडजूड बांधीव खंड हाती लागला. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली लंडनमध्ये हे नियतकालिक सुरू केले. आमच्या हाती आलेल्या खंडाच्या काळात ते आपल्यासारखेच साप्ताहिक होते, दर आठवड्याला कामगारांच्या घरी जाणारे. त्यात दर अंकात 'एलबीएससी' अशा चार अक्षरी सहीचे एक सदर होते, आणि त्याचा विषय एकच: चालणारे वाफेचे इंजिन घरी, स्वतःच्या हाताने कसे बनवावे.

वाचकहो, खेळण्याच्या दुकानातील चावीच्या आगगाडीची ही गोष्ट नाही. तयार भागांची पेटी आणून स्क्रू पिळायचे, असाही प्रकार नाही. लोखंडाची पट्टी, तांब्याचा पत्रा, पितळेची सळई आणि ओतशाळेतून आलेले बिडाचे ओबडधोबड तुकडे एवढेच विकत घ्यायचे. बाकी चाकापासून शिट्टीपर्यंत सर्व आपण करायचे. शेवटी त्यात पाणी भरायचे, कोळसा पेटवायचा, आणि गुडघ्याएवढ्या इंजिनाने मागच्या ढकलगाडीवर बसलेल्या मोठ्या माणसाला ओढून न्यायचे. खरोखर ओढून न्यायचे!

हे सही करणारे गृहस्थ म्हणजे कर्ली लॉरेन्स. जन्म १८८३, मृत्यू १९६७. लंडनच्या दक्षिणेला पर्ली येथे त्यांचे घर होते. तरुणपणी आपण लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत इंजिनावर काम केले असे ते सांगत, आणि त्या रेल्वेचीच आद्याक्षरे त्यांनी टोपणनाव म्हणून घेतली. त्यांच्या लिखाणात मास्तरकी नाही. शेडमध्ये चहा पिताना एकाने दुसऱ्याला सांगावे तसे ते लिहितात. ज्याच्याकडे पायाने चालवायचा लेथ, चार कानशी आणि बायकोची बोलणी खात वापरायचे स्वयंपाकघरातील टेबल आहे, अशा माणसाला समोर धरून.

परंतु त्यांचे नाव झाले ते एका भांडणातून. ते भांडण समजण्यासाठी आधी थोडे गणित करावे लागेल. गणित सोपे आहे, घाबरू नये.

इंग्लंडातील खऱ्या रेल्वेच्या दोन रुळांमध्ये ४ फूट ८½ इंचांचे अंतर असते. छोट्या इंजिनासाठी ते ३½ इंच धरले, तर साधारण सोळावा हिस्सा झाला. म्हणजे प्रत्येक लांबी सोळा पटीने कमी. पण पत्र्याचे क्षेत्रफळ १६ गुणिले १६, म्हणजे २५६ पटीने कमी होते, आणि पोटात मावणारे पाणी व एकूण वजन तर ४०९६ पटीने कमी होते. शंभर टनांचे इंजिन अवघ्या चोवीस-पंचवीस किलोंचे! आता पाणी थोडे आणि त्याला वेढणारा पत्रा त्या मानाने फार, असे झाले की काय होते ते आपल्या घरच्या बायकांना विचारा. बंबातले पाणी तासभर कढत राहते, कपातला चहा बोलता बोलता निवतो. छोट्या बॉयलरची हीच अडचण. तो तापतो लवकर आणि निवतोही लवकर.

बंबाचाच दाखला पुढे नेऊ. आपला जुना तांब्याचा बंब म्हणजे एक उभा बॉयलरच आहे, फक्त त्याचे तोंड उघडे असल्याने त्यात दाब साठत नाही. खाली जाळी, मधून धुराची नळी, भोवती पाणी. रेल्वेच्या इंजिनात तोच बंब आडवा केलेला असतो, आणि एका नळीऐवजी शेदोनशे नळ्यांतून जाळ पाण्याच्या आरपार नेलेला असतो. आता दोन फुटी बंब सोळाव्या हिश्शाने लहान करा. तो दीड इंचाचा होईल. दिसायला फार गोड दिसेल. पण त्याच्या जाळीवर कोळशाचा एक खडा तरी बसेल काय? इंजिनाची दोन इंची नळी लहान केली की एक सूत होते. राखेची एक चिमूट गेली की ती बुजली.

म्हणून त्या काळच्या जाणत्या मंडळींचे मत असे होते की, एवढ्या लहान इंजिनात कोळसा जाळणे हा वेडेपणा आहे. स्पिरिटचा दिवा लावावा, आणि दिव्याच्या ज्योतीवर पाण्याच्या बारीक नळ्या ठेवाव्यात. मोठमोठे आराखडाकार आणि विक्रेते या मताचे होते. त्यांची इंजिने दिसायला सुरेख असत, पण वाऱ्याची झुळूक आली की दिवा फडफडे, आणि ओझे ओढण्याच्या नावाने त्यांचा आनंदच असे.

लॉरेन्स यांचे म्हणणे असे की, लोखंड आणि तांबे सोळाव्या हिश्शाने कापता येईल, पण निसर्गाला कानस लावता येत नाही. आग आहे तेवढीच राहते, पाण्याचा थेंब आहे तेवढाच राहतो. तेव्हा बाहेरून इंजिन हुबेहूब ठेवा, पण पोटात आगीचे ऐका. दोनशे बारीक नळ्यांऐवजी तीन सूत जाडीच्या दहा-वीसच घाला. आगपेटी ऐसपैस करा. आणि सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफ धुराड्याच्या नेमकी मधोमध वर सोडा, म्हणजे ती जाताना आगीतून हवा ओढून घेईल. चुलीपुढे बसून फुंकणी फुंकतो तेच काम इंजिन स्वतः करते. ओझे जितके जास्त तितकी फुंकर जोराची. काकांचे चार हुंकार ते हेच.

१९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात हा वाद इतका पेटला की 'बॉयलरांची लढाई' असे त्याला नाव पडले. एका बाजूला नॉर्थॅम्प्टनची बॅसेट-लोक ही नावाजलेली कंपनी आणि हेन्री ग्रीनली यांच्यासारखे प्रसिद्ध आराखडाकार. दुसऱ्या बाजूला घरच्या खोलीत काम करणारा हा माणूस, आणि त्याचे 'आयेशा' नावाचे अडीच इंची रुळांवर चालणारे इंजिन. कागदावरचा वाद शेवटी रुळांवर गेला. कोळशावर चालणाऱ्या आयेशाने मोठ्या माणसांना बसवून ओढून दाखवले. पुढच्या काळात माणसे ओढणारी छोटी इंजिने बनवणाऱ्यांनी कोळशाचीच वाट धरली.

आम्हाला या निकालापेक्षा पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. जिंकल्यावर या माणसाने आपली युक्ती कपाटात ठेवली नाही, की महागडे इंजिन करून श्रीमंतांना विकण्यातच आयुष्य घालवले नाही. सुमारे चाळीस वर्षे ते लिहीत राहिले. कुठे किती जाडीची सळई, कुठले भोक आधी, कुठले नंतर, चूक झाली तर काय करावे, सारे साप्ताहिकातून उघड. 'टिच' नावाचे त्यांचे एक चारचाकी इंजिन तर नवशिक्यांसाठीच आखलेले आहे. त्या आराखड्यावरून किती घरांत इंजिने उभी राहिली असतील!

आता प्रत्यक्ष काम. आम्ही स्वतः लेथ चालवलेला नाही, तेव्हा खंडात वाचलेले आणि पुढे एका जाणत्या मुलाकडून समजून घेतलेले तेवढेच सांगतो.

आधी सांगाडा. एक सुती पोलादी पट्टीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून तात्पुरते रिव्हेट करतात, आणि मग दोन्ही मिळून एकच समजून कापतात, भोके पाडतात. वेगळे केल्यावर डावा आणि उजवा तंतोतंत जुळतात. वेगवेगळे मापून कापले तर दहादा मापले तरी फरक राहतो.

चाकांची गंमत त्याहून मोठी आहे. सायकलचे पायडल अगदी वर आले असताना त्यावर सरळ खाली कितीही जोर द्या, चाक हलत नाही. इंजिनाच्या दट्ट्यालाही असाच मेलेला बिंदू असतो, एका फेरीत दोनदा. गाडी नेमकी तिथे थांबली तर निघणार कशी? म्हणून एका बाजूच्या चाकाची मूठ वर असते तेव्हा दुसऱ्या बाजूची आडवी ठेवतात, बरोबर काटकोनात. एक बाजू मेली तरी दुसरी जिवंत! आणि हा काटकोन जोडलेल्या सर्व आसांवर एकसारखा यावा लागतो. एका आसावर तो केसभर चुकला तरी चाकांना जोडणारे दांडे अडतात आणि गाडी लंगडते. खंडात या एका कामावर कितीतरी मजकूर खर्च केला आहे, तो उगाच नाही.

सिलिंडर, दट्ट्या, वाफेची दारे यांचे वर्णन येथे करत बसलो तर संपादक आमचे पान कापतील. बॉयलरवर मात्र बोललेच पाहिजे, कारण तिथे चूक झाली तर जिवाशी खेळ आहे.

छोटा बॉयलर तांब्याचा करतात. तांबे लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की मऊ पडते. पोलादाचे नेमके उलट. ते असे केले तर कडक होते. मऊ तांबे लाकडी किंवा लोखंडी साच्यावर ठेवून हातोडीने कडा वळवायच्या. ठोकता ठोकता ते पुन्हा कडक होते, पुन्हा तापवायचे. आपले तांबट हेच करत आले आहेत. मग सांधे झाळायचे, तेही चांदीच्या झाळणाने. कल्हईवाल्याचे शिसे-कथलाचे झाळण येथे चालत नाही, आगीजवळ ते वितळून जाईल. चांदीचे झाळण वितळायला सहाशे अंशांच्या पुढे उष्णता लागते. आतली आगपेटी, नळ्या, बाहेरचे कवच असे टप्प्याटप्प्याने झाळायचे, आणि दर वेळी आधीचा सांधा सुटणार नाही याची काळजी घ्यायची.

बॉयलर झाला की लगेच पेटवायचा नाही. आधी तो थंड पाण्याने काठोकाठ भरून पंपाने दाब देतात. ज्या दाबावर तो चालायचा त्याच्या दुप्पट. चौरस इंचाला ८० पौंडांवर चालणार असेल तर १६० पौंड. पाणीच का? हवा किंवा वाफ दाबली की ती स्प्रिंगसारखी दबून बसते, आणि सांधा फुटला तर तुकडे उडवते. पाणी फारसे दबतच नाही. सांधा सुटला तर एक चिळकांडी उडते, दाब उतरतो आणि काम संपते. इंग्लंडात असे छंदी लोक जिथे एकत्र येऊन इंजिने चालवतात तिथे बॉयलर तपासून कागद दिल्याशिवाय कोणालाही रुळावर येऊ देत नाहीत. आमच्या वाचकांतील कोणी हौशी तरुण हे वाचून डब्याला डाग देऊन त्याखाली जाळ घालील, त्याला आमचे कळकळीचे सांगणे आहे: दादा, तसे करू नकोस. बंद भांड्यातली वाफ कोणाची ओळख ठेवत नाही.

इतके सांगितल्यावर एक गोष्ट राहूनच जाते, ती म्हणजे हुबेहूबपणा. १६ मिलिमीटरचे रिव्हेट सोळाव्या हिश्शाने १ मिलिमीटरचे होते, आणि इंजिनावर अशी शेकडो. लॉरेन्स यांना रिव्हेटे मोजणाऱ्यांचा फार राग. 'इन्स्पेक्टर मेटिक्युलस' असे एक पात्र निर्माण करून त्यांनी अशा काटेकोर मंडळींची मनसोक्त थट्टा केली आहे. चालत नसेल तर काचेच्या कपाटातील इंजिनाचा उपयोग काय, असा त्यांचा सवाल.

येथे आम्ही लॉरेन्स यांच्याशी थोडे भांडू इच्छितो. इंग्लंडातच चेरी हिल नावाच्या बाईंचे उदाहरण आहे, जन्म १९३१. रुळांऐवजी रस्त्यावर आणि शेतात चालणारी एकोणिसाव्या शतकातील वाफेची इंजिने त्यांनी सोळाव्या हिश्शात बनवली, तीही प्रत्येक भाग स्वतः घडवून. 'मॉडेल इंजिनियर'च्या प्रदर्शनातील ड्यूक ऑफ एडिंबरा करंडक त्यांनी नऊ वेळा मिळवला, आणि २००० साली या कामासाठी तेथील सरकारचा एमबीई हा किताब त्यांना मिळाला. जी यंत्रे आज जगात शिल्लक नाहीत, फक्त जुन्या कागदांवर आहेत, ती त्यांच्या हातून पुन्हा उभी राहिली. अशा ठिकाणी रिव्हेट मोजणे ही हौस राहात नाही. ती नोंद होते. ज्याने मूळ यंत्र घडवले त्या नाव नसलेल्या कारागिराने रिव्हेट कुठे मारले होते, याची नोंद. कारकुनाला हे पटकन पटते, काय करणार!

खंड मिळाल्यानंतर आम्ही तो घेऊन काकांच्या घरी गेलो. काकू आहेत. त्यांचा नातू आयटीआयला टर्नरच्या ट्रेडला आहे. त्याने आकृत्या पाहिल्या आणि जेवण विसरला. आकृती त्याला आमच्यापेक्षा चांगली कळते. इंग्रजी त्याला अडते. तेव्हा असे ठरले की, शक्य त्या रविवारी आम्ही जायचे, एक पान मराठीत सांगायचे, आणि ते पान लोखंडात कसे उतरते ते त्याने आम्हाला सांगायचे. काकू भाजी निवडत ऐकत असतात.

आग कशी राखावी ते पान आले त्या दिवशी आम्ही वाचत होतो की, छोट्या इंजिनात कोळसा बारीक फोडून, थोडा थोडा आणि वरचेवर घालावा. काकू हातातली मेथी खाली ठेवून म्हणाल्या, "हेच त हे सांगत. आन् धूर काया निघाला का म्हनत, पाहा, सरकारचा कोयसा हवेत चालला." हे दुसरे वाक्य आम्ही कधीच ऐकले नव्हते. त्या दिवशी आम्ही वही काढली. तेव्हापासून काकूंना जे आठवते ते टिपून घेतो. शेडमधले लोक कुठल्या भागाला काय म्हणत, राख कशी पाडत, रात्रपाळीला फावड्यावर वांगे कसे भाजत. आतापर्यंत अकरा पाने झाली आहेत. ज्या वाचकांच्या घरी लोको शेडमध्ये, इंजिनावर किंवा रेल्वेच्या कारखान्यात काम केलेले वडीलधारे आहेत, त्यांनी त्यांच्याकडचे शब्द आम्हाला पत्राने कळवावेत. भागांची इंग्रजी नावे आमच्याकडे आहेत. शेडमधली नावे हवी आहेत.

मुलाने सांगाड्याच्या दोन पट्ट्या कापल्या आहेत. भंगारातून आणलेले पोलाद. एक भोक अर्ध्या सुताने चुकले म्हणून पहिली जोडी त्याने टाकून दिली, आम्ही 'चालेल' म्हणालो तरी. दुसरी जोडी तेल लावून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे, पोळपाटाच्या शेजारी. चाकांसाठी लाकडी नमुना करायला सुतार तयार झाला आहे. परवा तांब्याच्या पत्र्याचा भाव विचारून आलो. बॉयलर तूर्त लांबणीवर.